भार कुठल्या पायावर

दांडिया बाजारातल्या व्यायामशाळेत
गुरुवारी सात वाजता
कुस्तीच्या गाद्या गुंडाळून भिंतीला लावतात,
फरशीवर टाल्कम पावडर शिंपडतात
आणि ऋता कर्णिक म्हणते,
रबराचे तळ नकोत, फरशी धरून ठेवतात,
आणि मग माणूस गुडघ्यातून पिळला जातो.

मी रावपुऱ्यातल्या मोच्याकडून
मुलाच्या लग्नातल्या बुटांना चामडं ठोकून घेतलं.
त्यानं विचारलं, काका, परत नोकरी?
म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

मल्लखांब अजून कोपऱ्यात उभा आहे.
अकराव्या वर्षी याच हॉलमध्ये
मला मिठी मारायला शिकवलं, ते त्याला:
शिसवी, एरंडेल प्यायलेला,
कितीही आवळा, हूं की चूं नाही.
त्यानंतर कुणाला छातीशी कसं धरावं
याचं रीतसर शिक्षण
झालं नाही.

बायका पाच, पुरुष नऊ.
उरलेल्या चौघांत मी.
ऋता म्हणाली, काका, तुम्ही मागे चाला,
किरीटभाई नेतील.
बॉयलर हाऊसचा शिफ्ट इनचार्ज मी, एकतीस वर्षं
माझ्या बोटावर व्हॉल्व्ह उघडले नि मिटले;
मांडवीतल्या तांब्यापितळेच्या दुकानदाराच्या हातात
हात दिला
आणि डोळे मिटले.
चिंच आणि पितांबरी, असा वास.

ऐका, ती म्हणते. कानाने नाही, बरगडीने.
पाऊल पडायच्या आधी
समोरच्याच्या मनात ते वजन सरकतं,
तेवढं पकडा.
पुढचं ओळखू नका.

पहिला महिना मी सगळं ओळखलं.
किरीटभाई घाम पुसत म्हणाले,
अरे साहेब, मी अजून पुसलंच नाही
आणि तुम्ही जवाब देऊन बसले!

मग एकदा तिनं मध्येच रेकॉर्ड थांबवली.
किरीटभाई, यांचा भार आत्ता कुठल्या पायावर?
डाव्या, ते म्हणाले. लगेच.
मला स्वतःला सांगता आलं नसतं.

त्या रात्री सुनंदा गॅससमोर उभी होती,
कढी उतू जाऊ नये म्हणून ढवळत.
भार उजव्यावर.
डाव्याची टाच चपलेतून सुटलेली.
चौतीस वर्षं असेच असेल बहुतेक.
मी पाणी पिऊन बाहेर आलो.

संगीत जुनं, खरखरणारं.
त्यात आपल्या पेटीचा कुणी दूरचा चुलतभाऊ
भाता ताणतो, ताणतो,
आणि सोडतच नाही.
तेव्हा किरीटभाई थांबतात.
पहिल्यांदा वाटलं, विसरले.
विसरले नव्हते.
आम्ही दोघे साठीचे गृहस्थ
मल्लखांबापासून दोन हातांवर
एकमेकांचा श्वास मोजत उभे,
आणि बाकीच्या जोड्या आमच्यामागे शिस्तीत खोळंबलेल्या,
सगळा हॉल घड्याळाच्या उलट.

आश्विनात नऊ रात्री क्लास बंद.
सोसायटीच्या मैदानात गरब्याचं चाक,
तेही घड्याळाच्या उलटच,
फक्त इथं कुणी कुणाला धरत नाही.
सुनंदा पुढे, मी मागे,
दोन ताळी, तीन ताळी,
ढोलाला दम नाही, त्याला फक्त पुढे माहीत.
आणि गायिकेनं एक ओळ लांबवली तशी
मी थांबलो.
ठरवलं नव्हतं.
सगळा डाव्यावर, उजवा नुसता टेकलेला,
अजून कुणी काही विचारलं नाही
म्हणून वाट बघत.

मागून आरशांचा घागरा आदळला:
ओ काका, चालो ने!

सुनंदा वळली. गर्दी तिला वळसा घालू लागली.
दुखतोय का?
कुठला? मी विचारलं.

उजवा, ती म्हणाली.
दुसरा कुठला असणार.